ढगातले सहा कोन

चंद्राभोवती खळं पडलेलं आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी पाहिलेलं असतं. आभाळ मोकळं दिसतं, पण चंद्रावर पातळ मलमल पांघरावी तशी झाक असते आणि भोवती मोठं, फिकट वर्तुळ उमटतं. आपल्याकडची जुनीजाणती माणसं त्यावरून पावसाचा अंदाज बांधत आली. शब्दही किती नेमका! मळणीसाठी चोपून, सारवून केलेली गोल जागा म्हणजे खळं. मध्ये तिवडा रोवलेला आणि त्याच्याभोवती बैल फिरताहेत. आभाळातल्या खळ्यात तिवड्याच्या जागी चंद्र उभा असतो, एवढाच फरक.

पण चंद्रावरची ही मलमल कशाची असते? ती असते बर्फाची. जमिनीपासून सहा किलोमीटरच्या वर, आपल्या उष्ण पट्ट्यात तर कधी कधी पंधरा-सोळा किलोमीटरपर्यंत, पिंजलेल्या कापसाच्या तंतूंसारखे ढग दिसतात. पाण्याचे थेंब त्यांत नसतातच. बर्फाचे बारीक स्फटिक असतात. वैशाखात खाली जमीन भेगाळलेली असते, माणसं आणि गुरं सावली शोधत असतात, आणि त्याच वेळी डोक्यावर काही कोसांवर बर्फ तरंगत असतो. औषधं बनवण्याचा व्यवसाय करणाऱ्या ल्यूक हॉवर्ड या लंडनच्या गृहस्थानं १८०२ साली ढगांची वर्गवारी मांडली, तेव्हा या ढगांना त्यानं ‘सिरस’ हे लॅटिन नाव दिलं. सिरस म्हणजे केसांची बट.

या बटांमधल्या बर्फानं गेल्या काही दशकांत शास्त्रज्ञांना चांगलंच कोड्यात टाकलं. कृत्रिम उपग्रह वरून पृथ्वीकडे पाहतात. सूर्याचा किती प्रकाश पृथ्वीवरून उलट अवकाशात फेकला जातो, याची मोजदाद करतात. त्या मोजदादीत हा बर्फ आडवा आला. आडवा आला तो त्याच्या आकारामुळे. मी काही शास्त्रज्ञ नाही. कवितेचा माणूस, बी.ए. झालेला. पण आकार बदलला की अर्थ बदलतो, हे कविता लिहिणाऱ्याला वेगळं शिकवावं लागत नाही. म्हणून ही गोष्ट मला जवळची वाटते. ती तशी चारशे वर्षांची आहे.

सुरुवात थोडी आधीपासून, पाण्याच्या थेंबापासून करू. इ.स. १३००च्या आसपास इराणात कमालुद्दीन अल्‌-फारिसी नावाचा विद्वान होता. इब्न अल्‌-हैसम या थोर प्रकाशशास्त्रज्ञाच्या ग्रंथावर तो भाष्य लिहीत होता. इंद्रधनुष्य का पडतं, हे त्याला शोधायचं होतं. पावसाचा थेंब हातात धरून तपासता येत नाही. मग त्यानं काचेचा गोल पाण्यानं भरला आणि तोच मोठा केलेला थेंब असं मानून त्यातून प्रकाशाचा प्रवास पाहिला. किरण आत शिरताना वाकतो, आतल्या भिंतीवर आपटून मागं फिरतो आणि बाहेर पडताना पुन्हा वाकतो, हे त्याला सापडलं. जवळपास त्याच काळात जर्मनीतला डीट्रिख नावाचा एक धर्मगुरू त्याच निष्कर्षावर पोहोचला होता. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. त्यांचा काचेचा गोल यशस्वी झाला, कारण पावसाचा लहान थेंब खरोखरच गोल असतो.

आणि इथूनच पुढच्या गोंधळाचं बी पडलं असं म्हणायला हरकत नाही. गोल ही वस्तू माणसाला आवडते. ती कशीही फिरवा, सारखीच दिसते. गणिताला सोपी. त्यामुळे जिथं नीट माहीत नाही, तिथं ‘गोल असेल’ असं धरून चालण्याचा मोह होतो.

बर्फ मात्र गोल नसतो. १६११ साली योहानेस केप्लर प्रागमध्ये होता. ग्रहांच्या कक्षा शोधणारा हाच तो केप्लर. आपल्या आश्रयदात्याला नववर्षाची भेट म्हणून त्यानं एक छोटी पुस्तिका लिहिली आणि तिचा विषय होता हिमकण. हिमाच्या कणाला नेहमी सहाच कोन का? पाच का नाहीत, सात का नाहीत? केप्लरनं डाळिंबाच्या दाण्यांपासून मधमाश्यांच्या पोळ्यापर्यंत सगळं ताडून पाहिलं आणि शेवटी उत्तर पुढच्या पिढ्यांवर सोपवलं. आज आपल्याला ठाऊक आहे की गोठताना पाण्याचे रेणू षटकोनी जाळीत बसतात. जाळी षटकोनी, म्हणून स्फटिकही षटकोनी. कधी तो चपट्या, सहा कोनांच्या फरशीसारखा असतो, तर कधी न तासलेल्या शिसपेन्सिलीच्या तुकड्यासारखा. कोणत्या तापमानात आणि किती दमट हवेत कोणता आकार तयार होतो, हे जपानमध्ये होक्काइदो बेटावर उकिचिरो नाकाया या शास्त्रज्ञानं शोधलं. १९३६ साली प्रयोगशाळेत त्यानं पहिला कृत्रिम हिमस्फटिक वाढवला, तो सशाच्या केसाच्या टोकावर.

पण आपण खळ्याकडे परत जाऊ. मे १६६७मध्ये पॅरिसच्या आकाशात सूर्याभोवती ठसठशीत खळं पडलं. क्रिस्तियान हायगेन्स हा मोठा डच शास्त्रज्ञ तेव्हा तिथं होता. त्यानं खळ्याची उपपत्ती मांडली: आकाशात बर्फाचे गोल दाणे असतात, त्यांच्या मध्यभागी अपारदर्शक गाभा असतो, आणि त्या गाभ्यामुळे प्रकाश अडून वर्तुळ दिसतं. गणित सुंदर होतं. फक्त तसे दाणे आकाशात नव्हते. पुढं १६८१ साली एद्‌म मारियॉट या फ्रेंच शास्त्रज्ञानं वेगळं सांगितलं. बर्फाचे स्फटिक लोलकासारखे असतात, म्हणाला. षटकोनी स्फटिकाची एक बाजू सोडून पलीकडची बाजू घेतली, तर त्या दोहोंमध्ये साठ अंशांचा कोन होतो. अशा लोलकातून जाताना किरण कमीत कमी बावीस अंशांनी वाकतो. खळ्याची त्रिज्या मोजा, ती बावीस अंशच भरते! हात लांब करून पंजा पूर्ण फाकवला, तर अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत साधारण तेवढं अंतर होतं. अंगठा चंद्रावर ठेवला, तर करंगळी खळ्याला टेकते.

मारियॉट बरोबर होता. पण त्याचं म्हणणं शंभराहून अधिक वर्षं जवळजवळ विस्मरणात गेलं. हायगेन्सचं नाव मोठं आणि त्याचं गणित देखणं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला थॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञानं लोलकाची कल्पना पुन्हा वर काढली आणि १८४७ साली ऑग्युस्त ब्राव्हे यानं तिच्यावर सविस्तर ग्रंथच लिहिला. गोल दाण्यांचा पराभव झाला. वाद मिटला, असंच कुणालाही वाटलं असतं.

पण गोल पुन्हा आला. या वेळी तो उपग्रहावर बसून आला.

त्याचं असं झालं. १९०८ साली गुस्ताव मी या जर्मन शास्त्रज्ञानं सूक्ष्म गोलावर पडलेला प्रकाश कोणत्या दिशेला किती विखुरतो, याचं संपूर्ण गणित सोडवलं. गोलासाठी उत्तर तयार झालं. षटकोनी स्फटिकासाठी असं सुटसुटीत उत्तर नव्हतं, आणि ते काढायचं तर संगणक लागणार होता. तो अजून जन्माला यायचा होता.

पुढं अवकाशयुग उजाडलं. ऑक्टोबर १९५९मध्ये अमेरिकेचा ‘एक्सप्लोरर ७’ हा उपग्रह गेला. त्यावर व्हर्नर सुओमी या शास्त्रज्ञाचं एक साधंसं उपकरण होतं: काळ्या आणि पांढऱ्या रंगाचे छोटे अर्धगोल. काळ्याला किती ऊब लागते आणि पांढऱ्याला किती, यावरून पृथ्वीकडून येणारी उष्णता आणि पृथ्वीवरून परतणारा प्रकाश यांचा अंदाज घ्यायचा. पृथ्वीचा जमाखर्च वरून तपासण्याची ती सुरुवात होती. एप्रिल १९६०मध्ये ‘टायरॉस’ उपग्रहानं ढगांची छायाचित्रं पाठवली. हळूहळू जमाखर्च स्पष्ट होऊ लागला. पृथ्वी सूर्यप्रकाशाचा पस्तीस टक्के किंवा त्याहूनही जास्त भाग परत फेकत असावी, असे पूर्वीचे अंदाज होते. उपग्रहांनी सांगितलं, तीस टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पृथ्वी आपल्या समजुतीपेक्षा थोडी सावळी निघाली.

हे तीस टक्के फार महत्त्वाचे. पृथ्वीच्या वातावरणाच्या माथ्यावर दर चौरस मीटरला सरासरी ३४० वॅट सूर्यप्रकाश पोहोचतो. त्यातले सुमारे १०० वॅट उलट फिरतात आणि त्यात मोठा वाटा ढगांचा असतो. पण ढग दोन्ही हातांनी काम करतात. एका हातानं सूर्याला छत्री धरतात, म्हणजे गारवा देतात. दुसऱ्या हातानं जमिनीची उष्णता अडवून धरतात, म्हणजे गोधडी पांघरतात. खालचे दाट ढग जास्त करून छत्रीचं काम करतात. उंचावरचे विरळ बर्फाचे ढग मात्र बऱ्याचदा गोधडीचं काम करतात. मग सगळ्या ढगांची मिळून बेरीज काय? पृथ्वी ढगांमुळे थंड राहते की गरम?

या प्रश्नाचं उत्तर देण्यात मूळच्या तमिळनाडूच्या एका शास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे. त्यांचं नाव वीरभद्रन रामनाथन. ऑक्टोबर १९८४मध्ये ‘चॅलेंजर’ या अवकाशयानातून अंतराळवीर सॅली राइड यांनी यांत्रिक हातानं एक उपग्रह अवकाशात सोडला. पृथ्वीचा किरणांचा ताळेबंद मांडणं हे त्याचं काम. त्याच्या आणि त्याच्या जोडीदार उपग्रहांच्या मोजमापांवरून रामनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली हिशेब मांडला. ढग दर चौरस मीटरला सुमारे ४५ वॅट प्रकाश परत पाठवतात, सुमारे ३१ वॅट उष्णता अडवतात. वजाबाकी केली की उरतो गारवा, सुमारे १३ वॅटांचा. छत्री गोधडीपेक्षा भारी ठरली.

आता आकाराचा प्रश्न इथं कुठं आला? दोन ठिकाणी आला.

पहिली गोष्ट अशी की उपग्रह ढगाकडे एका वेळी एकाच दिशेनं पाहतो. ढग मात्र प्रकाश सगळ्या दिशांना उधळत असतो. दाराच्या फटीतून दिसलेल्या लग्नावरून मांडवात किती माणसं जेवली हे सांगायचं, तसा हा प्रकार. फटीतून दिसलं त्यावरून सगळ्याचा अंदाज करायचा, तर मांडवात माणसं कशी बसतात हे आधी ठाऊक हवं. ढग प्रकाश कसा उधळतो, कोणत्या दिशेला जास्त आणि कोणत्या दिशेला कमी, हे ठाऊक असल्याशिवाय एका दिशेचं मोजमाप मुकं राहतं. आणि ते उधळणं कणाच्या आकारावर अवलंबून असतं.

दुसरी गोष्ट ढगाच्या जाडीची. ढग किती चमकतो यावरून तो किती दाट आहे, हे ठरवायचं असतं. १९८३ साली जगभरातल्या हवामान-उपग्रहांची चित्रं एकत्र करून ढगांची आंतरराष्ट्रीय नोंद ठेवण्याचा मोठा प्रकल्प सुरू झाला. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्तीत सोयीसाठी धरलं गेलं की ढग कोणताही असो, त्यात पाण्याचे गोल थेंबच आहेत. मारियॉटनं जी गोष्ट तीनशे वर्षांपूर्वी सांगितली होती, ती शास्त्रज्ञ विसरले होते असं नाही. पण गोलाचं गणित हाताशी होतं आणि षटकोनाचं नव्हतं.

याचा परिणाम समजायला सोपा आहे. गोल थेंबावर पडलेला उजेड बहुतांशी पुढंच निघून जातो, थोडासा वाकून. षटकोनी, खडबडीत स्फटिक मात्र त्यातला जास्त वाटा बाजूला आणि मागं फेकतो. म्हणजे सारखीच चमक दाखवायला गोल थेंबांचा ढग जाड लागतो, स्फटिकांचा पातळही पुरतो. उपग्रहाला दिसली एक ठरावीक चमक. गणितात थेंब धरलेले. मग उत्तर येणार, ‘ढग जाड आहे.’ प्रत्यक्षात तो पातळ असतो. चूक इथंच थांबत नाही. पातळ ढगातून खालच्या जमिनीची ऊबही उपग्रहाला जाणवत असते. ढग जाड मानला, तर ती ऊब ढगाचीच आहे असं वाटतं. आणि वर जावं तसं हवा थंड होत जाते, त्यामुळे उबदार ढग म्हणजे खालचा ढग. अशा रीतीनं पातळ आणि उंच ढगाची नोंद जाड आणि बुटका म्हणून होऊ लागली. गोधडीची नोंद छत्रीच्या खात्यावर पडू लागली.

हे उलगडायला माणसांना विमानं घेऊन ढगात जावं लागलं. १९८६च्या हिवाळ्याच्या तोंडाशी अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यावर शास्त्रज्ञांनी सिरस ढगांची एक मोहीम काढली. वरून उपग्रह, मधून विमानं, खालून लेसरचे झोत. एकाच ढगाकडे तिघांनी पाहायचं. दरम्यान कुओ-नान लिऊ आणि त्यांचे सहकारी संगणकावर एकेक किरण षटकोनी स्फटिकातून पाठवून तो कुठून बाहेर पडतो, हे मोजत होते. अल्‌-फारिसीनं काचेच्या गोलात जे केलं होतं, तेच आता संगणकातल्या षटकोनात चाललं होतं. दोन्ही गोष्टी जोडल्या तेव्हा दिसलं की सिरस ढगांसाठी षटकोनाचं गणित गोलापेक्षा वस्तुस्थितीच्या कितीतरी जवळ जातं. ढगांच्या आंतरराष्ट्रीय नोंदीनंही पुढच्या आवृत्तीत बर्फासाठी वेगळा आकार स्वीकारला.

तरी कहाणी संपली नाही. कारण पुस्तकातला षटकोन गुळगुळीत असतो, आणि आकाशातला नसतो. ‘टेरा’ आणि ‘ॲक्वा’ हे अमेरिकी उपग्रह अनुक्रमे १९९९ आणि २००२ साली गेले. त्यांच्यावरच्या ‘मोडिस’ या उपकरणानं परत फेकलेल्या सूर्यप्रकाशावरून बर्फाच्या ढगांची जाडी काढली. तीच जाडी उष्णतेच्या किरणांवरूनही काढली. दोन उत्तरं जुळेनात. सूर्यप्रकाशाचं उत्तर जास्त यायचं. शोध घेतला तेव्हा दोष पुन्हा आकारात सापडला: गणितात वापरलेले स्फटिक फारच घोटीव, आरशासारखे होते. खरे स्फटिक ओरखडे पडलेले, एकमेकांना चिकटलेले, अर्धवट वाढलेले असतात. पुढं २०१०नंतरच्या दशकात या नोंदींची नवी आवृत्ती निघाली, तेव्हा त्यात मुद्दाम खडबडीत स्फटिक धरले गेले आणि दोन उत्तरं बरीच जवळ आली. आधी गोल सोडावा लागला, मग गुळगुळीतपणाही सोडावा लागला.

आता या गोष्टीतला सगळ्यात रंजक भाग. काही स्फटिक मात्र खरोखरच आरशासारखे वागतात, आणि तेही सगळे मिळून.

विहिरीत ताटली टाकली तर ती उभी बुडत नाही. आडवी होऊन हेलकावे खात खाली जाते. षटकोनी चपटे स्फटिकही हवेतून असेच आडवे होत खाली येतात. असे असंख्य स्फटिक एका पातळीत आडवे झाले, की आभाळात आरशाचे बारीक तुकडे पसरल्यासारखं होतं. विमानात खिडकीपाशी बसलेल्या माणसाला कधी कधी खालच्या ढगात सूर्याचा झगझगीत ठिपका आपल्याबरोबर धावताना दिसतो, तो यांचाच खेळ. १९९६ साली जपानच्या उपग्रहावरून गेलेल्या ‘पोल्डर’ या फ्रेंच उपकरणानं एकाच ढगाकडे अनेक कोनांतून पाहिलं आणि हा आरसा अवकाशातूनही टिपला. आडव्या स्फटिकांचं प्रमाण फार थोडं असतं, पण चमक डोळे दिपवणारी.

२००६ साली ‘कॅलिप्सो’ हा उपग्रह गेला. तो सूर्यप्रकाशावर अवलंबून नव्हता, स्वतःच लेसरचा झोत सरळ खाली सोडायचा. या आडव्या स्फटिकांनी त्याचा झोत त्याच्याच डोळ्यात परत मारला, आणि बर्फाचा ढग पाण्याच्या ढगासारखा भासू लागला. उपाय साधा निघाला. नोव्हेंबर २००७मध्ये त्याची नजर थोडी तिरपी केली, सुमारे तीन अंश. तेवढ्यानं आरसा टळला. थेट पाहण्यापेक्षा जरा तिरपं पाहिलं तर जास्त खरं दिसतं, हे मंडळी, आम्हा लिहिणाऱ्यांनाही लागू आहे.

आणि मग आलं २०१५ साल. ‘डिस्कव्हर’ नावाचं अमेरिकी यान पृथ्वीपासून सुमारे पंधरा लाख किलोमीटरवर, सूर्य आणि पृथ्वीच्या मधल्या एका जागी जाऊन बसलं. तिथून त्याच्या कॅमेऱ्याला पृथ्वीची उजेडातली पूर्ण बाजू दिसायची. ती चित्रं सर्वांसाठी खुली होती. सामान्य माणसं ती पाहत होती, आणि काहींनी विचारायला सुरुवात केली: जमिनीच्या मधोमध हे झगमगणारे ठिपके कसले? समुद्रावर सूर्य चमकतो हे समजण्यासारखं, पण कोरड्या जमिनीवर काय चमकतं आहे?

ॲलेक्झांडर मार्शाक हे त्या मोहिमेतले शास्त्रज्ञ. त्यांनी जुनी चित्रं काढली. डिसेंबर १९९०मध्ये गुरूकडे निघालेलं ‘गॅलिलिओ’ हे यान पृथ्वीजवळून गेलं होतं. त्याची चित्रं घेऊन कार्ल सेगन आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली एक गाजलेला निबंध लिहिला होता: आपल्याला काही माहीत नाही असं समजून पाहिलं, तर पृथ्वीवर जीवसृष्टी आहे हे यानाला कळेल का? त्यात त्यांनी नोंदवलं होतं की आरशासारखी चमक समुद्रावर दिसते, जमिनीवर दिसत नाही. मार्शाक यांनी तीच चित्रं पुन्हा न्याहाळली. चमक जमिनीवरही होती. इतकी वर्षं ती चित्रांत होती, कुणाची नजर तिच्यावर थांबली नव्हती.

मार्शाक आणि सहकाऱ्यांनी ऑगस्ट २०१६पर्यंतच्या चित्रांतून जमिनीवरच्या अशा ८६६ चमका गोळा केल्या. त्या विजेच्या असत्या तर कुठंही पडल्या असत्या. पण त्या फक्त अशाच जागी सापडल्या जिथं सूर्याकडून येणारा किरण आणि यानाकडे जाणारा किरण यांचे कोन आरशाच्या नियमानं जुळत होते. उंची मोजली तेव्हा त्या जमिनीवर नसून पाच ते आठ किलोमीटर उंचावरच्या ढगांत होत्या. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: हे आडवे पडलेले बर्फाचे स्फटिक. केप्लरच्या सहा कोनांवरून परतलेला सूर्य पंधरा लाख किलोमीटरवरून दिसत होता, आणि प्रश्न विचारणारी होती तुमच्या-माझ्यासारखी माणसं.

हे सगळं आपल्याला काय करायचं आहे, असं कुणी विचारेल. पावसाळ्यात आपल्या डोक्यावर जे उंच ढग उभे राहतात, त्यांचे माथे बर्फाचेच असतात आणि ते ऐरणीसारखे दूरवर पसरतात. या उष्ण पट्ट्यातल्या ढगांचा आणि किरणांचा हिशेब करण्यासाठी भारत आणि फ्रान्स यांनी मिळून ऑक्टोबर २०११मध्ये श्रीहरिकोट्याहून एक उपग्रह सोडला होता. त्याचं नाव ‘मेघा-ट्रॉपिक्स’, अर्धं संस्कृत आणि अर्धं फ्रेंच. परतणारा सूर्यप्रकाश आणि बाहेर पडणारी उष्णता मोजणारं उपकरण त्यावर होतं. मार्च २०२३मध्ये तो ठरवून पॅसिफिक महासागरावर खाली आणला गेला. पिकांची, धरणांची, जंगलांची उपग्रह-चित्रं घेतानाही डोळ्याला न दिसणारा पातळ सिरस मध्ये येतोच आणि रंग फिके करतो. त्यावरही एक सुंदर युक्ती सापडली आहे. प्रकाशाची एक विशिष्ट लहर, १.३८ मायक्रोमीटरची, खालच्या हवेतली वाफ पूर्ण गिळून टाकते. त्यामुळे त्या लहरीत पाहिलं की जमीन आणि खालचे ढग काळोखात जातात आणि फक्त उंचावरचा बर्फ उजळून दिसतो. बो-त्साय गाओ आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली सुचवलेली ही लहर ‘मोडिस’मध्ये आली आणि पुढं लँडसॅट ८ आणि सेंटिनेल २ या उपग्रहांवरही.

पण खरं पणाला लागलेलं आहे ते याहून मोठं. पृथ्वी आज जेवढी उष्णता बाहेर टाकते त्यापेक्षा थोडी जास्त आत घेते. हा फरक दर चौरस मीटरला एका वॅटच्या आसपासचा आहे. ३४० वॅटांच्या येण्याजाण्यातला एक वॅट! या एका वॅटवर हिमनद्यांचं, समुद्राच्या पातळीचं आणि पावसाच्या वेळापत्रकाचं भवितव्य अवलंबून आहे. उद्या हवा तापली तर उंचावरचे बर्फाचे ढग वाढतील की घटतील, छत्री होतील की गोधडी, यावर अजून वाद आहेत. अशा वेळी स्फटिक गोल की षटकोनी, गुळगुळीत की खडबडीत, उभा की आडवा, हा प्रश्न चिल्लर राहत नाही. केसाहून बारीक वस्तूचा आकार चुकला तर पृथ्वीचा ताळेबंद चुकतो.

चारशे वर्षांच्या या गोष्टीत हायगेन्ससारखा प्रतिभावंतही गोलाच्या मोहात पडला, आणि संगणक हाती असलेली पिढीही काही काळ पडली. त्यात त्यांचा मूर्खपणा नव्हता. अज्ञाताला आपण आधी सोप्या आकारात बसवतो, मग तो आकार टोचू लागला की बदलतो. ज्ञान असंच पुढं जातं. धोका फक्त एवढाच की सोपा आकार अंगवळणी पडतो आणि टोचणं जाणवेनासं होतं. माणसांच्या बाबतीतही आपण हेच करतो. दुरून पाहतो, एकाच कोनातून पाहतो आणि सगळे सारखेच, गोल थेंब, असं धरून हिशेब मांडतो. जवळ गेलं तर प्रत्येकाला आपापले कोन असतात, आणि उजेड त्या कोनांवरूनच वळतो.